भाड्याचा पट्टा, आपली कंबर

आमच्या सेलूकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला सुका भोपळा बांधून. भोपळा माणसाला वर धरून ठेवतो. म्हणूनच दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला गेलो आणि होडीवर आम्हा मायलेकींच्या कमरेला शिशाची वजने बांधली जाऊ लागली, तेव्हा लेक हळूच म्हणाली, "अम्मी, इथे तर उलटंच आहे. बुडायसाठी बांधतात!"

वर्गात आम्ही आर्किमिडीजचा नियम शिकवतो, पण तो कमरेवर पहिल्यांदाच आला. समुद्राचे पाणी खारट, म्हणून गोड्या पाण्यापेक्षा जड. एका लिटरमागे सुमारे 25 ग्रॅम जास्त. त्यात अंगावरचा वेटसूट बारीक बुडबुड्यांनी भरलेल्या रबराचा. ही दोन्ही माणसाला वर ढकलतात. ते ढकलणे फेडायला शिसे लागते. तेवढेच लागते, जास्त नाही.

आमचे पट्टे भाड्याचे होते, कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचे. माझी वजने सरकत सरकत नेमकी मणक्यावर आली आणि वर टाकीचा भार. लेकीचा पट्टा सैल होता. त्यावर तिने पडद्यासाठी ढगळ कुर्ता चढवलेला. दोघींनाही खुपत होते, पण परक्या माणसाने पुन्हा कमरेला हात लावायला नको म्हणून आम्ही गप्प राहिलो.

पाण्यात चार-पाच मीटर गेलो असू. लेकीचा पट्टा मांड्यांवर उतरला आणि कुर्त्यात अडकून बसला. पाय जड झाले, ती घाबरली. तिला धरून असलेल्या प्रशिक्षकाने ते पाहिले आणि तिला सावकाश वर आणले. अल्हम्दुलिल्लाह, काही झाले नाही. पण पट्टा गळून पडला असता तर ती भसकन वर गेली असती. 10 मीटरवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. घाबरून श्वास रोखून माणूस वर आला तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. उलट, संकटात पट्टा सोडून द्यायची वेळ आली असती, तर कुर्त्याखालचे बकल तिच्या हाताला लागलेच नसते.

होडीवर तिच्या अब्बूंनी एकच विचारले, "सैल आहे हे सांगितलं का नाही?" आम्ही दोघी खाली पाहत राहिलो.

त्यानंतर आम्ही रीतसर शिकलो आणि पुन्हा मालवणला आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जाऊन आलो. आता सामान भाड्याचेच घेतो, फक्त पट्टा स्वतःचा नेतो. कप्प्यांचा कापडी पट्टा मिळतो. रिकामा असला की बॅगेच्या कोपऱ्यात मावतो. शिसे तिथलेच घ्यायचे आणि कप्प्यांत भरायचे. ते सरकत नाही, हाडाला टोचत नाही. असा पट्टा नसेल तर साध्या पट्ट्याला वजनाच्या खाचेतच एक पीळ द्यावा. वजन जागचे हलत नाही. दोन्ही बाजूंना सारखे, कमरेच्या हाडाच्या थोडे पुढे ठेवावे. पाठीच्या मध्यावर काही नको, तिथे टाकी येते.

पट्टा स्वतः बांधायची युक्ती सोपी आहे. कमरेत पुढे वाकले की तो पाठीवर टेकून राहतो, मग दोन्ही हातांनी निवांत ओढून बकल लावता येते. दुसऱ्याची गरज पडत नाही. ढगळ कुर्ता अंगावर असू द्या, पण पट्टा त्याच्या वरून हवा, आणि बकल उजव्या हाताने एका झटक्यात उघडले पाहिजे. खोल गेल्यावर वेटसूट दबून पातळ होतो, तेव्हा पट्टा पुन्हा आवळावा लागतो.

किती वजन घ्यायचे, हे होडीवरच्या अंदाजावर सोडू नये. प्रशिक्षक जवळ असताना, पाण्यात उभे राहून जॅकेटमधली हवा काढावी आणि नेहमीसारखा श्वास घेऊन थांबावे. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली जाऊ लागलो, तर वजन बरोबर. टाकी भरलेली असेल तर वर दोनेक किलो धरावेत, कारण नेहमीच्या भरलेल्या टाकीतली हवाच सुमारे अडीच किलो असते आणि ती आपण हळूहळू संपवतो. जास्त शिसे घेतले तर पाय खाली ओढले जातात, दम लागतो आणि हवा लवकर संपते.

आमच्या घरांत मुलींना हया शिकवतात, शिकवलीच पाहिजे. पण हया म्हणजे दुखत असताना गप्प बसणे नव्हे, हे आम्ही त्या होडीवर शिकलो. बिस्मिल्लाह म्हणून उडी घ्यायची, पण त्याआधी बकल तपासायचे.

नेत्राणीला होडीवाल्याने सवयीने तिच्यासमोर सहा किलो ठेवले. लेकीने दोन किलो बाजूला काढले, पट्टा स्वतः बांधला आणि म्हणाली, "दादा, पाण्यात उतरून एकदा बघू. कमी पडलं तर मागते." कमी पडले नाही.