धरलेला सूर

गिटार शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट करून घेतो. तिसऱ्या तारेवर, बाराव्या फ्रेटवर अनामिका ठेवायची, सूर लावायचा आणि तो विझेपर्यंत धरून ठेवायचा. मध्ये दुसरा सूर घ्यायचा नाही. आठ-दहा सेकंदांचं काम. पण दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच मुलं चुळबुळ करायला लागतात आणि बोट पुढचा सूर शोधायला निघतं. व्हिडिओ पाहून सुसाट ताना बसवलेला हात एका सुरापाशी थांबला की उघडा पडतो.

माझाही असाच उघडा पडला होता. मी एकोणीस वर्षांचा होतो. पुण्यात एका मित्राच्या मामाने लंडनहून कॅसेट आणली होती आणि तिची कॉपी माझ्याकडे आली होती. ‘फ्री’ नावाचा बँड, ‘टन्स ऑफ सॉब्स’ नावाचा त्यांचा पहिला अल्बम. टेप लावला. एक शांत, हळुवार गाणं सुरू झालं आणि मिनिटभरही न होता विरून गेलं. कॉपी करताना काहीतरी राहून गेलं असं वाटून मी टेपपाशी जातो न जातो तोच दुसरं गाणं अंगावर आलं. गिटार इतकी जवळ, की वाजवणारा खोलीतच बसला आहे असं वाटावं. पुढे कळलं की निर्माता गाय स्टीव्हन्स याने ‘ओव्हर द ग्रीन हिल्स’ हे गाणं मुद्दाम दोन तुकड्यांत कापलं होतं. एक तुकडा सुरुवातीला, उरलेला अगदी शेवटी. मधल्या आठ गाण्यांत जो धुरळा उडतो, त्याच्या दोन बाजूंना ही दोन हिरवी कुंपणं.

त्या रात्री मी गिटार काढली आणि त्यातला एक सूर, फक्त एक, तसाच वाजवायचा प्रयत्न केला. सूर बरोबर होता, फ्रेट बरोबर होती, पण त्यात जीव नव्हता. तो एक सूर मला अजून पुरतो आहे.

फ्री हा बँड 1968च्या एप्रिलमध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या ‘नॅग्ज हेड’ या पबमध्ये जमला. गिटारवर पॉल कॉसॉफ, सतरा वर्षांचा. गायक पॉल रॉजर्स आणि ड्रमर सायमन कर्क, दोघंही अठरा. बेसवर अँडी फ्रेझर, ज्याला सोळा पूर्ण व्हायला अजून जवळपास तीन महिने होते आणि जो त्याआधीच जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये वाजवून आला होता. नाव दिलं अलेक्सिस कॉर्नर यांनी. लंडनच्या ब्लूजमंडळींत त्यांचं स्थान वडीलधाऱ्याचं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्सडनच्या मॉर्गन स्टुडिओत अल्बमचं रेकॉर्डिंग झालं, खर्च सुमारे 800 पौंड. 1969च्या मार्चमध्ये आयलंड रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. ब्रिटनच्या यादीत तो कुठेच दिसला नाही.

ही मुलं रेकॉर्ड ऐकून ब्लूज शिकली हे खरं, पण केवळ तेवढंच नाही. कॉसॉफ आणि कर्क आधी ‘ब्लॅक कॅट बोन्स’ या बँडमध्ये होते आणि 1968मध्ये त्यांनी चँपियन जॅक ड्युप्री यांच्यासोबत एक अल्बम केला. ड्युप्री न्यू ऑर्लिन्सचे, एकेकाळचे बॉक्सर, पियानोवर आयुष्य काढलेले आणि पुढे युरोपात राहिलेले. अशा माणसाच्या मागे बसून वाजवणं म्हणजे आपल्याकडे तानपुऱ्यावर बसण्यासारखंच. गाणं मध्येच वळण घेतं, बुजुर्गाच्या मनात आलं की एक ओळ लांबते, आणि मागच्याने ते क्षणात ओळखायचं असतं. तिथे हातापेक्षा कानाची परीक्षा जास्त.

अल्बममध्ये ‘गोइंग डाउन स्लो’ आहे, आठ मिनिटांहून लांब. मूळ गाणं सेंट लुइस जिमी ओडन यांचं, 1941चं. आयुष्य उधळून झालेला, तब्येत ढासळलेला माणूस शेवटचे निरोप सांगतो आहे. आणि ते गातो आहे मिडल्सबरोहून आलेला, विशीही न गाठलेला पोरगा. पहिल्यांदा ऐकताना मला हे खटकलं होतं. आता खटकत नाही, कारण रॉजर्स त्या माणसाचं सोंग आणत नाही. आवाज थकलेला करत नाही, खोकत नाही. स्वतःच्या कोवळ्या, दणकट आवाजात गातो, आणि ओळ संपली की जागा सोडून बाजूला होतो. त्या रिकाम्या जागेत कॉसॉफची गिटार उत्तर देते. गायकाने ओळ टाकायची आणि वाद्याने ती उचलायची, ही ब्लूजची मूळ रीत. ख्यालात सारंगी किंवा हार्मोनियम गायकाच्या मागून जाते, त्या रीतीची ही नातेवाईक म्हणा. उत्तर चांगलं यायचं असेल तर आधी प्रश्न नीट ऐकलेला असावा लागतो.

कॉसॉफच्या उत्तरात सूर थोडे असतात. त्याचं सगळं सामर्थ्य व्हायब्रॅटोमध्ये, म्हणजे धरलेल्या सुराला दिलेल्या कंपात. हा कंप कसा होतो ते जवळून सांगतो, कारण माझ्या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

इलेक्ट्रिक गिटारवर तार बोटाने बाजूला ताणली की सूर चढतो. तो खाली नेता येत नाही. गळा सुराच्या दोन्ही बाजूंना हलू शकतो, गिटारची तार एकाच बाजूला. म्हणून साध्या, दाबलेल्या सुराला कंप द्यायचा तर तो थोडा चढवून परत मूळ जागी सोडायचा, पुन्हा चढवायचा. पण तार आधी एक पूर्ण स्वर ताणली असेल, सतारीवर मींड घ्यावी तशी, तर गणित उलटं होतं. मग कंप देताना ताण किंचित सोडायचा, सूर उतरतो, आणि परत नेमक्या उंचीवर नेऊन ठेवायचा. त्या उंचीवर फ्रेट नाही, कसलीच खूण नाही. तिथे फक्त कान आहे. दर हेलकाव्याला सूर त्याच उंबऱ्याला टेकला पाहिजे. जरा कमी टेकला तर गाणं रडवेलं होतं, जरा वर गेला तर किंचाळतं.

हे सगळं बोटाने करायला गेलं की बोट लगेच थकतं. बोट कडक ठेवायचं, अंगठा गिटारच्या मानेवरून पुढे आणायचा, तर्जनीच्या मुळाशी असलेली कड मानेच्या खालच्या बाजूला टेकवायची, आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचं. हालचाल मनगटाची, बोट फक्त निरोप पोहोचवतं. मला हे उमगायला दोन वर्षं लागली आणि हातात उतरायला आणखी पाच. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, सोलले, पुन्हा पडले.

कॉसॉफने लहानपणी क्लासिकल गिटारचे धडे घेतले होते. 1965च्या डिसेंबरमध्ये त्याने एरिक क्लॅप्टनला मेयॉलच्या बँडसोबत ऐकलं आणि त्याची दिशा बदलली. 1969च्या उन्हाळ्यात फ्री अमेरिकेत क्लॅप्टनच्या ‘ब्लाइंड फेथ’च्या आधी वाजवत होते, तेव्हा क्लॅप्टननेच त्याला हा कंप कसा देतोस असं विचारलं, असं गिटारवाले एकमेकांना सांगत आले आहेत. त्या हाताची किंमत जाणणाऱ्यांना ही गोष्ट पटते.

पण हा कंप ऐकू येतो तो बाकीच्यांमुळे. अँडी फ्रेझरचा बेस कान देऊन ऐका. सोळा वर्षांचा मुलगा, हातात वाद्य, समोर स्टुडिओचा माइक, आणि तो थांबतो. दोन-तीन सूर देऊन गप्प राहतो, मग अशा ठिकाणी परत येतो की गाण्याला मागून खांदा मिळतो. कर्कचा ड्रमही तसाच. ठेका भरभक्कम, भरणा कमी. एकाने जागा सोडली म्हणून दुसऱ्याचा सूर श्वास घेऊ शकला. गाय स्टीव्हन्सचा रोख हाच होता: क्लबात रोज वाजवतात ते इथे वाजवू द्यायचं आणि मध्ये फार यायचं नाही. ‘द हंटर’ घ्या म्हणूनही त्यानेच सुचवलं. मेंफिसच्या स्टॅक्स स्टुडिओत बुकर टी अँड द एमजीज यांनी ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगसाठी रचलेलं हे गाणं 1967चं. लेड झेपेलिननेही त्याच सुमारास आपल्या पहिल्या अल्बममध्ये, ‘हाऊ मेनी मोअर टाइम्स’च्या पोटात, याच गाण्याचा तुकडा घेतला. झेपेलिनचं ऐकताना इमारत दिसते, फ्रीचं ऐकताना चार माणसं दिसतात. मला दोन्ही हवं असतं, पण शिकवताना मी चार माणसं ऐकवतो.

या अल्बमला सगळे ‘रॉ’ म्हणतात, आणि आपण त्याचं मराठी ‘कच्चा’ असं करून मोकळे होतो. मला तो शब्द पुरत नाही. कच्चं म्हणजे अजून व्हायचं राहिलेलं. इथे काही राहिलेलं नाही. झाकलेलं मात्र काही नाही. तार ताणताना होणारी घासट, सूर उंचीवर पोहोचण्याआधीची क्षणभराची धडपड, एकाने थोडं जोरात वाजवल्यावर बाकीच्यांनी अंग चोरणं किंवा भरणं, सगळं ऐकू येतं. चार मुलं एकमेकांचं ऐकत आहेत, आणि त्यांचं ते ऐकणं आपल्याला ऐकू येतं. माझ्यापुरता ‘रॉ’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

हे मला समजलं ते नुकसानीतून. काही वर्षांपूर्वी आमच्या बँडने चार गाणी रेकॉर्ड केली. आधी ड्रम, तेही हेडफोनमधल्या क्लिकवर. दुसऱ्या दिवशी बेस, मग एकट्याने मी, शेवटी गायक. चौघं एका खोलीत एकदाही उभे राहिलो नाही. नंतर प्रत्येक ठोका पडद्यावरच्या रेषेवर नेऊन बसवला, प्रत्येक ताणलेल्या सुराची उंची सरळ केली. गाणं घरी आणून ऐकलं तेव्हा चूक एकही सापडली नाही आणि माझा हातही सापडला नाही. ती गाणी आम्ही कुणाला ऐकवली नाहीत. यंत्राचा दोष नव्हता. आम्हीच ऐकायला कुणी शिल्लक ठेवलं नव्हतं.

कॉसॉफ 19 मार्च 1976ला विमानप्रवासात गेला. वय पंचवीस. नशेने त्याचं शरीर आधीच पोखरलेलं होतं. त्याचे वडील, नट डेव्हिड कॉसॉफ, पुढे नशेचा धोका सांगणारा एकपात्री प्रयोग घेऊन फिरले. माझे विद्यार्थी कधीकधी विचारतात की असं जगल्याशिवाय असं वाजतं का. मी त्यांना तारखा सांगतो. ‘गोइंग डाउन स्लो’ वाजवणारा हात अठरा वर्षांचा होता. त्या हातात जे होतं ते रियाजातून आणि ऐकण्यातून आलेलं होतं. नशेने त्यात भर घातली नाही, तो हात आपल्यापासून काढून घेतला.

आणखी एक प्रश्न मला स्वतःलाच पडत आला आहे. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेलं हे दुःख पुण्यातल्या माणसाने का वाजवावं? लंडनच्या त्या मुलांनी तरी का वाजवलं? दुसऱ्याचं दुःख आपलं म्हणून मिरवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण ते नीट ऐकून, ज्यांचं आहे त्यांची नावं घेऊन, आपल्या वयाच्या आणि आपल्या गळ्याच्या आवाजात उत्तर देता येतं. म्हणून माझ्या वर्गात गाण्याआधी ओडन, अल्बर्ट किंग, ड्युप्री ही नावं येतात. आणि ब्लूजमधला तो अडनिडा गंधार, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी राहणारा, शोधताना मराठी मुलांचा कान परका राहत नाही. श्रुतींची सवय घरातूनच असते.

मागच्या आठवड्यात एका सोळा वर्षांच्या मुलाने वर्गात बारा बारचा, म्हणजे मात्रांच्या बारा गटांचा, ब्लूज मोबाइलवर रेकॉर्ड केला. मी ताल धरला, तो वाजवत होता. पंख्याची घरघर, ॲम्पची गुणगुण, सगळं आत आलं. सातव्या बारमध्ये त्याने तार ताणली आणि सूर थोडा खाली राहिला. अर्धा क्षण तो तिथेच थांबला, मग हळूच वर ढकलून जागेवर बसवला आणि धरून ठेवला. संपल्यावर म्हणाला, “सर, ती जागा चुकली, परत करू या.” मी त्याला तेवढीच जागा पुन्हा ऐकवली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्याने मोबाइल कानाशी नेला आणि बराच वेळ बोलला नाही.

मग म्हणाला, “इथे मी ऐकत होतो.”