रिकामी कव्हरं

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची रिव्हॉल्व्हरं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि त्यांची चामडी कव्हरं माझ्याकडे येतात. एरवी कव्हर रिकामं नसतंच, म्हणून त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. हत्यार ठाण्यात ठेवून घरी आल्यावर मालकाला दिसतं, की शिवण उसवली आहे, बटणाभोवती हिरवं काहीतरी साचलंय, तोंडाशी चामडं बाहेर वळलंय. मग रिसोड, मानोरा, कारंज्याकडून माणसं ते पिशवीत घालून वाशीमला आणतात. मला हे सोयीचंच आहे. दुकानात हत्यार आणायचं नाही, हा माझा नियम. कव्हराला परवाना लागत नाही आणि माझं काम तेवढ्याशीच असतं.

यातली बहुतेक अलीकडची, कानपूरच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरची. पातळ क्रोमचं चामडं, मशीनची शिवण, आत रेक्झिन. तासाभराचं काम, त्यावर लिहावं असं काही नाही. पण अधूनमधून एखादं जुनं येतं. जाड, काळसर पडलेलं, झाकणाला एकच पितळी बटण आणि झाकणाच्या आत पुसट ठसा: बाण आणि त्याखाली इंग्रजी आय. बाण ब्रिटिश सरकारी मालाचा. खाली आय असला की माल हिंदुस्थानी लष्कराचा. घरचे सांगतात, आजोबांनी लढाईवरून आणलं. मी मान डोलावतो. माझा अंदाज असा, की यातली बरीचशी लढाई संपल्यावर लष्करी भंगाराच्या लिलावातून बाजारात आली असावीत. दुसऱ्या महायुद्धात १९३७ च्या नमुन्याचा साज कापडी पट्ट्यांचा होता, रिव्हॉल्व्हरचं कव्हरसुद्धा कापडी. चामडं उरलं ते मुख्यतः अधिकाऱ्यांच्या कमरेला, सॅम ब्राऊन पट्ट्यावर.

हा सॅम ब्राऊन घोडदळातला अधिकारी. १८५८ मध्ये रोहिलखंडात बंडवाल्यांची तोफ बंद पाडायला घुसला आणि डावा हात खांद्यापासून गमावून बसला. एका हाताने म्यान सांभाळून तलवार उपसता येईना, म्हणून त्याने कमरपट्ट्याला खांद्यावरून येणारा तिरपा पट्टा जोडला. आपल्या फौजदाराच्या छातीवर आज दिसतो तो हाच. ब्राऊनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पट्ट्याला त्याचं नाव मिळालं. तो हात ज्याने तोडला, त्याचं नाव कशालाच नाही.

वऱ्हाडाचा या लष्करी साजाशी तसा जुना संबंध आहे. निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या हुकमावर चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचा खर्च थकला, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्या फौजेची एक छावणी आमच्या शेजारी हिंगोलीला होती. म्हणजे वाशीमकडच्या कुणब्याने भरलेल्या शेतसाऱ्यातून घोडेस्वारांचे पगार निघत आणि खोगीरं, लगाम, पट्टेही. पुढे १८६० च्या दशकात कानपूरला सरकारी खोगीर कारखाना निघाला. गंगेच्या पट्ट्यात बाभळीची साल मुबलक होती आणि कातडं कमवायला ती वापरत.

आमच्या घरात मात्र ना खोगीर होतं ना पट्टा. आजोबा मोटा शिवायचे. मोट ज्याने पाहिली नसेल त्याला सांगतो: विहिरीतून पाणी काढायची कातडी पिशवी, खाली लांब सोंड, ओढायला बैल. तिची शिवण कातड्याच्याच वादीची, आणि ती गळली तर दिवसाचं पाणी विहिरीतच राहायचं. इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, मोटा गेल्या. आरी आणि कातडं कापायची रापी राहिली. माझ्याकडची रापी त्यांचीच आहे. घासून घासून निम्मी झाली आहे. गाव त्यांना दाराबाहेर बसवून मोट शिवून घ्यायचं. त्याच कातड्याचा पट्टा कमरेला बांधून साहेब आला की तेच गाव उठून उभं राहायचं.

जुनं कव्हर उसवतं तेव्हा सहसा चामडं गेलेलं नसतं, दोरा गेलेला असतो. लोकांना हे खरं वाटत नाही. चांगलं कमावलेलं बैलाचं कातडं ऐंशी वर्षं सहज काढतं. लिननचा दोरा घामाने आणि ओलीने कुजतो. लिनन म्हणजे आपल्या जवसाच्या झाडाचा धागा. विदर्भात आपण जवस पेरतो ते तेलासाठी आणि चटणीसाठी, त्याच्या काडीतून दोरा निघतो हे आमच्याकडे कोणाला सांगितलं तर हसतात. मी लिननचाच दोरा मागवतो, त्यावर मधमाशीचं मेण ओढतो आणि दोन सुयांनी शिवतो. आरीने भोक मोकळं करायचं, दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या. यातला एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा खालच्या दोऱ्यात नुसता अडकवलेला असतो. एक तुटला की ओळ सुटत जाते. भोकं मात्र जुनीच वापरायची. त्यांच्या मधोमध नवी पाडली, तर एसटीच्या तिकिटासारखं चामडं त्या रेषेवर फाटून हातात येतं.

बटणाभोवतीचं हिरवं म्हणजे काय, हे प्रत्येकजण विचारतो. चामड्यात मुरवलेली चरबी आणि पितळेतलं तांबं यांचं ते संयुग, मेणासारखं मऊ. पितळेच्या पॉलिशने ते निघत नाही. उलट पॉलिशची पांढरी भुकटी टाक्यांत जाऊन बसते. मी बाभळीच्या काट्याने खरवडतो. पितळेवर ओरखडा उठणार नाही इतका तो मऊ आणि बटणाच्या कडेत शिरेल इतका टोकदार. पांढरा थर दिसला तर आधी तो बुरशी आहे की वर आलेली चरबी, हे ओळखावं लागतं. केस वाळवायच्या मशीनची जरा ऊब दिली की चरबी विरघळून आत जाते, बुरशी तशीच राहते. आमच्याकडे बुरशी पावसाळ्यात येते तशी मे महिन्यातही येते. बाहेर बेचाळीस अंश आणि घरात दिवसरात्र कूलर. त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात कव्हर.

आणि तेल. माझ्याकडे येणाऱ्या कव्हरांचं सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने लावलेल्या तेलाने झालेलं असतं. खोबरेल थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं. करडईचं आणि जवसाचं तेल हवेने घट्ट होत जातं. वर्षभरात कव्हर चिकट आणि ताठ. गुरांच्या नळीच्या हाडांचं तेल घोड्याच्या साजाला परंपरेने लावतात, पण तेही जास्त झालं की चामडं लोळागोळा होतं आणि कव्हराचा आकार जातो. कव्हराचं सगळं काम त्याच्या आकारावर आहे. म्हणून तेल मी लावतोच असं नाही, आणि लावलं तर कापडाला जेमतेम ओल येईल इतकंच.

काही कव्हरांना हात लावला की बोटाला तांबूस पूड लागते. चामडं आतून आम्लाने खाल्लेलं असतं आणि तिथून मागे फिरता येत नाही. हे दुखणं पुस्तकांच्या बांधणीत इतकं वाढलं होतं, की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यावर समिती नेमली. १९०५ मध्ये तिचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला. धुराळ हवेने हे वाढतं, आणि कातडं कशाने कमावलं यावरही ते अवलंबून असतं. हिरड्यासारख्या फळांनी कमावलेलं जास्त टिकतं, काही झाडांच्या सालींनी कमावलेलं लवकर भुगा होतं. अशा कव्हरावर तेल म्हणजे चिखल. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाची पावडर स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशने पातळ हात द्यायचा. पूड धरली जाते, इतकंच. ते कव्हर पुन्हा कमरेला लावायचं नाही, हे मी मालकाकडून कबूल करून घेतो.

आकार गेला असेल तर साचा लागतो. मी सागवानात दोन कोरून ठेवलेत: एक १९१५ च्या वेब्ली मार्क सहाचा, सहा इंची नळीचा, आणि एक एनफिल्ड नंबर दोनचा, पाच इंची. चामडं साध्या पाण्याने ओलं करायचं, साचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवायचा, कडा हाडाच्या पट्टीने दाबून घ्यायच्या आणि सावलीत ठेवायचं. उन्हाळ्यात मी हे काम घेत नाही. आमची लू तासाभरात ओल ओढून घेते आणि वळणावर तडा जातो.

ठिगळाला चामडं मिळणं आता अवघड झालंय. २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांची कत्तल बंद झाली. म्हशीचं मिळतं, पण त्याचे दाणे जाड, जुन्या बैलाच्या कातड्याशेजारी लगेच कळतात. अस्तरासाठी तरवडाच्या सालीने कमावलेलं तमिळनाडूचं चामडं मागवतो. ठिगळ आतून लावायचं, बाहेरून नाही, म्हणजे फाटलेलं फाटलेलं दिसतं पण पुढे फाटत नाही.

इथेच गिऱ्हाइकाशी वाद होतो. "भाऊ, याले नवं करून द्या ना जी, चमकलं पाहिजे." करता येतं. वरचा थर घासायचा, रंग मारायचा, नवं बटण ठोकायचं. पैसेही जास्त मिळतात. पण मग झाकणावर अंगठ्याने पडलेला काळा डाग जातो, पट्ट्याच्या एकाच भोकाला आलेला लांबोळा ताण जातो, ठसा जातो. हे कव्हर कोणाच्या कमरेला होतं, तो किती जाड होता, झाकण कोणत्या हाताने उघडायचा, हे सगळं त्या खुणांत असतं. रंग मारलेलं जुनं कव्हर म्हणजे वाईट नवं कव्हर. नवंच हवं असेल तर मी नवं शिवून देतो. तेही चांगलं होतं, आणि जुनं शोकेसमध्ये ठेवता येतं. काही जण ऐकतात. काही जण दुसऱ्या दुकानात जाऊन रंगवून आणतात आणि मला दाखवतात.

तुमच्या घरी असं एखादं असेल तर एवढं करा. हत्यार त्यात ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि ओल पोलादाला गंज चढवतात, आणि नुकसान दोघांचं होतं. आत सुती कापडाचा बोळा भरा, बाहेर सुती पिशवी घाला, प्लास्टिक नको, आणि कूलरच्या खोलीतून बाहेर काढा. सुटलेलं बटण, तुटलेला दोऱ्याचा तुकडा, निघालेली पट्टी, काही फेकू नका. सगळं सोबत आणा. आणि माझ्याकडे आणा किंवा आणखी कोणाकडे न्या, पण नेण्याआधी तेल लावू नका.