मातीखालचे नातलग

मृगाचा पाऊस लागला, की आमच्या रत्नागिरीकडे झाडांच्या आळ्यांतून, ओल्या पाचोळ्याखालून एक प्राणी वळवळत वर येतो. वीतभर लांबीचा, अंगावर कड्याच कड्या, पाय नाहीत आणि डोळेही दिसत नाहीत. कोणी त्यास गांडूळ म्हणतो, कोणी सापाचे पिल्लू; आणि साप म्हटला की खोऱ्याचा घाव ठरलेलाच. ग्रंथांतून यास देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे, तो बेडकाचा भाऊबंद आहे, असे आम्ही घरात सांगतो तेव्हा मुले हसतात आणि वडीलधारी मंडळी विचारतात, "हे ठरविले कोणी, आणि कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. गांडूळ, वाळा आणि देवगांडूळ हे तिघे मातीत शेजारी राहतात आणि दिसतातही सारखे. पण मातीत शिरायचे तर लांबट, गुळगुळीत अंगच कामाचे. ते ज्याने त्याने आपापले कमावले. गांडुळास हाड नाही. वाळ्याच्या अंगावर सापाचे खवले आहेत. देवगांडुळास मात्र पाठीचा कणा आहे, कवटी आहे, आणि बेडकासारखी ओलसर, ग्रंथियुक्त त्वचा आहे. त्याच्या दाताचा माथा आणि बूड यांच्यामध्ये एक मऊ सांधा असतो. असा सांध्याचा दात आज बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ या तीन घराण्यांतच प्रामुख्याने आढळतो.

येथे आम्हांस धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही आठवते. समजा, कोणे एके काळी लिहिणाऱ्याच्या हातून एखाद्या आडनावातले एक अक्षर चुकले. पुढे मुलांच्या, नातवंडांच्या दाखल्यांत ती चूक जशीच्या तशी उतरत गेली. आज दोन दूरच्या गावांतील दोन कुटुंबांपाशी तीच विचित्र चूक सापडली, तर मूळ एकच असावे असा कयास करता येतो. बरोबर लिहिलेली अक्षरे या कामी उपयोगाची नाहीत. ती सर्वांचीच सारखी. कणा सापालाही आहे आणि बेडकालाही, म्हणून कण्यावरून त्या दोघांत निवाडा होत नाही. निवाडा होतो तो नंतर शिरलेल्या बदलांवरून. शिवाय दोन लेखनिक वेगवेगळ्या ठिकाणी तीच चूक करू शकतात, म्हणून एका अक्षरावर विसंबता येत नाही. शेकडो अक्षरे ताडून पाहावी लागतात. शास्त्रज्ञ डीएनएच्या चार अक्षरांची लांबलचक ओळ घेऊन नेमके हेच करतात.

आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. डोर्ले गावच्या देवगांडुळाची 2003 साली रविचंद्रन, गोवर आणि विल्किन्सन यांनी नवी जाती म्हणून नोंद केली. प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार यांच्या स्मरणार्थ तिचे नाव गेगेनिओफिस शेषाचारी. पुढे 2008 मध्ये गोवर, वरद गिरी, धारणे आणि शौचे यांनी दाखवून दिले की ही जाती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. आशियातील देवगांडुळांत अशी नोंद तोवर नव्हती. मग ही देवगांडुळे जगातील इतर पिल्ले देणाऱ्या देवगांडुळांची सख्खी म्हणावी काय? अक्षरे ताडून पाहिली तेव्हा ती अंडी घालणाऱ्या आपल्या भारतीय भावंडांतच बसली. म्हणजे पिल्ले देण्याची रीत या घराण्यात स्वतंत्रपणे आली. गुण मोलाचा खरा, पण नात्याच्या कामी फसवा!

एक विषयांतर करतो. असल्या गोष्टींनी मुलांची श्रद्धा डळमळेल, अशी भीती आमच्या काही स्नेह्यांना वाटते. आम्हांस ती वाटत नाही. अनुवंशाचे नियम वाटाण्याच्या वाफ्यांतून शोधणारा मेंडेल हा ऑगस्टिनियन मठवासी होता आणि त्याचा निबंध 1866 साली छापला गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर 22 ऑक्टोबर 1996 च्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धांत हा केवळ तर्कापुरता राहिला नसल्याचे मान्य केले. मानवाचा आत्मा हा मात्र ईश्वराचेच थेट देणे, हेही त्यांनी त्याच संदेशात सांगितले. देवाने घडविले हे मानणाऱ्याने कसे घडविले हे विचारू नये, असे कोठे आहे?

वंशावळी दुरुस्तही होतात. 2011 साली देवगांडुळांच्या कुळांची फेरमांडणी झाली आणि डोर्ल्याची जाती जुन्या मोठ्या कुळातून निघून इंडोटिफ्लिडी या कुळात गेली. त्याच कुळात सेशेल्स बेटांवरील देवगांडुळे आहेत. खाऱ्या पाण्यात या प्राण्याचा निभाव लागणे कठीण. हजारो मैलांचा समुद्र तो पोहून कसा जाणार? उत्तर भूगर्भशास्त्राने दिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आमच्या जांभ्याखालचा काळा कातळ लाव्हारूपाने उसळत होता त्याच सुमारास, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला. भूमी दुभंगली आणि भावकीही दुभंगली.

हल्ली आमच्याकडे आळी खणताना असा प्राणी निघाला, तर मुले आधी अंगावर खवले आहेत का ते पाहतात, आणि नसले तर खोऱ्यावर माती घेऊन तीसकट त्यास माडाच्या बुंध्याशी ओलीत सोडून येतात.