नागोबाचा दमा

उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला श्रावण दीड महिना येतो. शेजाऱ्यांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपला अमावास्या उलटल्यावर. त्यांचा राखीपौर्णिमेला संपतो, आपला त्यापुढे पंधरा दिवस चालतो. महाकाळाची सोमवारची सवारी भाद्रपदातही निघते, आणि हा शिंद्यांच्या काळापासून मराठी पंचांगाला दिलेला मान आहे असे इथली जुनी मंडळी सांगतात. नागपंचमी मात्र शुक्ल पक्षातली, म्हणून ती दोन्ही पंचांगांत एकाच दिवशी येते आणि त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा उरत नाही.

कारण नागचंद्रेश्वर. महाकाळाच्या मंदिरात खाली महाकाळ, मधल्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि सगळ्यात वर नागचंद्रेश्वर. हे वरचे दार वर्षातून एकदाच उघडते, नागपंचमीला, मध्यरात्रीपासून चोवीस तास. आत अकराव्या शतकातली मानली जाणारी मूर्ती आहे. दहा फण्यांच्या नागावर शिव-पार्वती बसलेले आहेत. दर्शनाला लाखांनी लोक येतात, आणि जिथे लोक तिथे टोपल्या घेऊन गारुडी. टोपलीत नाग, शेजारी दुधाची वाटी, वाटीजवळ दहा-वीसच्या नोटा.

आमच्या घरी नागपंचमी साधी असते. पाटावर गंधाने नाग काढायचा, लाह्या-दूध दाखवायचे, पुरणाची दिंडं उकडायची. चिरायचे नाही, तवा चढवायचा नाही. आई हे सगळे अजून नेमाने करते. पण तिच्या लेखी पाटावरचा नाग निम्मा. दारावर आलेल्या खऱ्या नागोबाला वाटीभर दूध दिले की पंचमी पुरी झाली.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, कंपनी इंदूरची, आठवड्यातले तीन दिवस काम घरून. सापांशी माझा संबंध एका मित्रामुळे आला. तो वनविभागाच्या परवानगीने काम करणारा सर्पमित्र आहे. तो साप पकडतो, मी गाडी चालवतो आणि नोंदी ठेवतो. सापाला हात लावायचा नाही या अटीवर बायकोने मला हा उद्योग करू दिला आहे, आणि ती अट मला मनापासून मान्य आहे.

गेल्या श्रावणात नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात वनविभागाने काही टोपल्या जप्त केल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे, बाळगणे, त्याचा खेळ करणे हा गुन्हा आहे. पंचनामा झाला आणि त्यातला एक नाग आणि एक धामण उपचारासाठी आमच्या ओळखीच्या पशुवैद्यक डॉक्टरांकडे आले. दवाखान्यामागची एक खोली रिकामी केली होती. तिथल्या पाच-सहा आठवड्यांत मी जे शिकलो ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे सापाला खोकता येत नाही. आपल्या छातीखाली जे श्वासपटल असते ते सापाला नसतेच. तो बरगड्यांच्या स्नायूंनी श्वास घेतो. नागाला कामाचे फुफ्फुस एकच, उजवे. डावे जवळजवळ नसल्यासारखे. हे उजवे फुफ्फुस लांबलचक पिशवीसारखे असते. त्याचा पुढचा भाग जाळीदार, रक्तवाहिन्यांनी भरलेला, खरे काम तिथे होते. मागचा भाग नुसता हवेचा फुगा. त्यात एकदा काही द्रव उतरला की तो बाहेर टाकायला सापाकडे जोर नाही. आपल्याला ठसका लागला की दोन मिनिटांत मोकळे होतो. साप ते तसेच घेऊन पडून राहतो.

दुसरी गोष्ट, श्वासनळीचे तोंड. ते सापाच्या तोंडाच्या तळाशी, जिभेच्या जरा मागे, अगदी पुढे असते. सोय मोठी नामी आहे, कारण अख्खा उंदीर गिळताना त्याला ही नळी पुढे काढून श्वास चालू ठेवता येतो. पण याच सोयीमुळे कोणी त्याचे डोके धरून दुधाच्या वाटीत बुडवले तर दूध पोटाऐवजी फुफ्फुसात उतरायला वेळ लागत नाही.

मग साप दूध पितो कसा, असे आईने मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे, कारण तो पितो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. उत्तर तहानेत आहे. पंचमीच्या कितीतरी दिवस आधी साप पकडून त्याला उपाशी आणि मुख्य म्हणजे कोरडा ठेवतात. इतका तहानलेला प्राणी समोर येईल ते ओले पितो. दुधातली साखर पचवायची व्यवस्था त्याच्या पोटात नाही, म्हणून पोट बिघडते, अंगात उरलेसुरले पाणी जुलाबात जाते, आणि जे चुकून नळीत शिरले ते फुफ्फुसात कुजू लागते.

त्यात तोंडाची जखम. विषाचे दात पकडीने उपटतात, काही वेळा ओठ दोऱ्याने शिवतात. ती जखम चिघळते, तोंड आतून सडू लागते आणि तो पू आपसूक खाली श्वासनळीत झिरपतो. वर श्रावणातली ओल. साप उन्हात जाऊन अंग तापवतो तेव्हाच त्याची प्रतिकारशक्ती नीट चालते. भिजक्या फडक्याखाली, बंद टोपलीत, झडीच्या पावसात त्याचे अंग गारच राहते. माझ्या मते दुधाइतकाच दोष या ओल्या टोपलीचा आहे, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता निदान. सापाला ताप मोजून उपयोग नाही, त्याच्या अंगाचे तापमान खोलीवर अवलंबून. डॉक्टरांनी पहिला अर्धा तास कशालाही हात न लावता नुसते बघायला सांगितले. धामण वेटोळे करून बसली होती, श्वासागणिक बारीक शिट्टी येत होती. शिट्टी ऐकून लगेच घाबरायचे नसते, कारण कात टाकताना नाकपुडीत कातीचा तुकडा अडकला तरी असाच आवाज येतो. तिच्या नाकपुड्या स्वच्छ होत्या. नागाचे वेगळे होते. त्याने डोके आणि मान सरळ वर धरली होती, तोंड किंचित उघडे, ओठाच्या कडेला बुडबुडे, आणि आत चिकट लाळेची तार. नागाचा फुत्कार वेगळा. तो समोर कोणी असताना, ठरवून टाकलेला, लांब असतो. हा आवाज खोलीत कोणी नसतानाही येत होता, प्रत्येक श्वासाला. खोलीबाहेरून मोबाइलवर रेकॉर्ड करून मी तो नीट ऐकला.

डॉक्टर म्हणाले, हा मान वर धरून बसलाय कारण आडवा झाला की त्याला श्वास पुरत नाही. रांगेतली माणसे अशा नागाला बघून हात जोडतात, नागोबा डोलतोय, दर्शन देतोय म्हणतात.

पुढच्या तपासणीत नागाला पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत घेतले. दात उपटलेला नागही विषारीच समजायचा, कारण दात पुन्हा येतात. कुशीवरून एक्स-रे काढला. मग श्वासनळीत बारीक नळी घालून थोडे निर्जंतुक सलाइन सोडले, परत ओढून घेतले आणि ते प्रयोगशाळेत पाठवले. रिपोर्टमध्ये सापांच्या अशा आजारात वारंवार सापडणारे स्यूडोमोनास जंतू होते.

त्या रात्री जेवताना ते रेकॉर्डिंग आईने ऐकले. ते मी तिला ऐकवले नव्हते, मी डॉक्टरांना पाठवत होतो आणि फोनचा आवाज मोठा होता. आईला वीस वर्षे दमा आहे. ती भाजी वाढता वाढता थांबली. "कोणाचा आहे रे हा श्वास?" मी सांगितले. "आडवं होता येत नसेल त्याला," ती म्हणाली. डॉक्टरांचे बोलणे मी तिला सांगितलेलेही नव्हते. रात्ररात्र उशीला टेकून बसून काढलेल्या माणसाला ते कोणी सांगावे लागत नाही. मग थोड्या वेळाने, "वाफ देता येते का सापाला?"

देता येते. आईच्या कपाटात आहे तसाच नेब्युलायझर, फक्त मुखवट्याऐवजी साप बंद डब्यात आणि नळी डब्याच्या भोकात. पण ते नंतर. आधी पाणी आणि ऊब. सुकलेल्या सापाला थेट औषध टोचले तर काही प्रतिजैविके त्याची मूत्रपिंडे खराब करतात, म्हणून आधी द्रव देऊन त्याला सावरावे लागते. पेटीचे एक टोक तिशीच्या वरच्या तापमानाला आणि दुसरे थोडे थंड ठेवायचे, म्हणजे साप आपली जागा आपण निवडतो. इथे माझी विद्या कामी आली. एक स्वस्तातला सेन्सर, थर्मोस्टॅट आणि तापमान घसरले की फोनवर घंटा. आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते हे मला त्या पाच आठवड्यांत आकड्यांनिशी कळले.

औषध सेफ्टाझिडीम, इंजेक्शन दर 72 तासांनी, अंगाच्या पुढच्या भागात. आईला याचे फार नवल वाटले, तिच्या गोळ्या दिवसातून तीनदा. सापाच्या अंगात सगळेच सावकाश चालते. औषध सावकाश उतरते, आजार सावकाश वाढतो आणि गुणही सावकाश येतो. म्हणूनच आजार दिसू लागतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. शिवाय सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट होतो, आणि त्या गठ्ठ्यात औषध शिरत नाही.

नाग तेविसाव्या दिवशी गेला. आला तेव्हा 430 ग्रॅम होता. मधे आठवडाभर तो आडवा निजू लागला होता, पाणी पीत होता, माझ्या तक्त्यातला श्वासाचा आकडा उतरला होता, आम्हाला वाटले जिंकलो. शवविच्छेदन वनविभागाच्या माणसांसमोर झाले. फुफ्फुसाचा पुढचा, खऱ्या कामाचा भाग, जवळजवळ अर्धा, पिवळट गठ्ठ्यांनी भरलेला होता. इतक्यावर तो तेवीस दिवस कसा जगला याचे डॉक्टरांनाच आश्चर्य वाटले. पंचनामा करून त्याला नियमाप्रमाणे जाळले.

गारुड्याला शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. जप्तीच्या दिवशी एक म्हातारा गारुडी कचेरीबाहेर बसला होता, त्याच्याशी मी बोललो. मी म्हटले, बाबा, निदान पाणी तरी पाजायचे. तो म्हणाला, "भैया, लोग दूध पिलाने के पैसे देते हैं. पानी पिलाने के कौन देगा?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बापजाद्यांचा धंदा कायद्याने बंद केला, दुसरा धंदा कोणी हातात दिला नाही. तरीही टोपली जप्त व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात तर जिवंत नागाची पूजा ही गावाची ओळख होती. तिथेही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर पूजा प्रतिमेवर आली. लोक अजून हळहळतात, पण पंचमी बंद पडलेली नाही. आपल्या पाटावरचा गंधाचा नाग तर आधीपासून आहेच.

टोपलीतला साप दिसला तर स्वतः त्याला पाणी पाजायला जाऊ नका, दूरून फोटो काढा आणि वनविभागाला कळवा. घरात ही गोष्ट सांगायची असेल तर कायद्याचे कलम सांगून फारसा उपयोग होत नाही, हा माझा अनुभव. श्वासाचे सांगा.

धामण वाचली. तिचे तोंड शिवलेले नव्हते आणि फुफ्फुसात द्रव थोडाच होता, औषध लागू पडले. चौथ्या आठवड्यात तिने पहिला उंदीर खाल्ला, सहाव्यात वनविभागाची परवानगी आली. भाद्रपदातल्या एका दुपारी तिला शहराबाहेर सोडायला निघालो तर आई आधीच गाडीत बसलेली. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडायला लागले होते. मित्राने बांधावर पिशवी उघडली, धामण क्षणभर जीभ हलवत थांबली आणि गवतात गेली. सगळे मिळून दहा सेकंद लागले असतील. आई बराच वेळ त्या गवताकडे बघत उभी होती. मग पर्समधून इनहेलर काढून तिने दोन पफ घेतले आणि म्हणाली, "चला, येताना दुधाची पिशवी घ्यायचीय. घरात चहापुरतंसुद्धा नाहीये."