सुभेदारांचा दगड

मे महिन्यात गावी जमलेल्या आम्हा आठ चुलत-आते भावंडांना कबरस्थानात जायची सक्त मनाई होती, म्हणून आमच्या दुपारी तिथेच जायच्या. करवंदीच्या जाळीखालून वाकून आत शिरायचं आणि जांभ्याच्या ओट्यांवर कैऱ्या फोडायच्या. (आज लाज वाटते; तेव्हा मीठ-तिखट विसरल्याचं दुःख मोठं होतं.) मधोमध एक उभा काळा दगड होता, अर्धा मातीत गेलेला. वर हिब्रू, खाली मराठी. एक लिपी उजवीकडून निघालेली, दुसरी डावीकडून. आम्हाला वाचता यायचं एवढंच, ‘सुभेदार’. पुढचं मातीत.

ते पुढचं आजोबा पुरवायचे. सुभेदार काबूलच्या लढाईत घोड्यावरून पडले, पण तलवार सुटली नाही! पायदळाचा सुभेदार घोड्यावर काय करत होता, आणि काबूलला पडलेला माणूस अलिबाग तालुक्यात कसा पुरला, हे आठांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आम्ही बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही आमची मूळकथा. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून लोक म्हणत शनवार तेली. अठराव्या शतकात घाणा सोडून आमची माणसं कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणीत शिरली. त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडलं, हे लोकलमध्ये कुणाला सांगितलं तर अजून पटत नाही. पुढे जातवार कंपन्या करायची रीत आली. मूठभर समाजाची कंपनी भरणार कशी? बढत्या आटल्या, आणि सुभेदारांचे नातू रेल्वेत नि पोस्टात कारकून झाले. आजोबाही रेल्वेतलेच. घरात तलवार नव्हती, ती त्यांनी गोष्टीत ठेवली असावी.

1948 नंतर एकेक घर इस्रायलला निघालं. आमच्यातले दोघे गेले, एक लोदला, एक दिमोनाला. वाड्याला कुलूप लागलं, मग कौलं गेली, मग भिंती. कबरस्थानात घाणेरी माजली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उरलेले सहाजण तिथे परत जमलो, सगळे साठीच्या पुढचे. लोदचा भाऊ फोनवरून पैसे द्यायला तयार होता, पण त्याला सगळीकडे काळा ग्रॅनाइट, फरश्या आणि कमानीवर आडनाव हवं होतं. इकडच्यांना त्याला नाही म्हणायची हिंमत होईना. शेवटी दिमोनाहून आत्या बोलल्या. वय एक्याण्णव, आवाज अजून शाळामास्तरणीचा. “दगड धुवा. नवे करू नका. मेलेल्यांना घर बदलायला लावू नये.” ग्रॅनाइट तिथेच संपलं.

धुणं सोपं नव्हतं. गावातला एकजण उत्साहाने ॲसिडची बाटली घेऊन आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको. नुसतं पाणी, मऊ ब्रश, आणि दगडफूल खरवडायला बांबूची चिपाटी. एका ओट्यात उंबराचं मूळ शिरलं होतं. ते उपटलं असतं तर ओटाच उकलला असता, म्हणून करवतीने कापून आतलं तसंच ठेवलं. झिजलेली अक्षरं दिसायला बहिणीने पर्समधला आरसा काढला आणि त्यावरून उन्हाची तिरीप दगडावर आडवी टाकली. अक्षरं सावल्या घेऊन उठून बसली.

मग सुभेदारांच्या पायाशी साचलेली माती काढली. ‘सुभेदार’च्या खाली स्वच्छ कोरलं होतं, ‘पेनशनर’.

आम्ही इतके हसलो की रस्त्यावरचे लोक थांबले. काबूलचा वीर पेन्शन खाऊन घरच्या बाजेवर गेला होता! हिब्रूत साल होतं, ताव, रेश, मेम. 400, 200 आणि 40; वरचे पाच हजार लिहीत नाहीत, ते धरून चालायचं. 5640, म्हणजे 1879-80. अफगाणिस्तानातलं दुसरं युद्ध नेमकं तेव्हाच चालू होतं. आजोबांनी अगदीच हवेत बाण मारला नव्हता. लढाई खरी, सुभेदार खरे, गाठ तेवढी त्यांनी मारलेली.

शेजारी एक ठेंगणा दगड होता, कोरा. आम्ही तो मैलाचा दगड समजून त्यावर बसायचो. व्हिडिओवर तो दाखवला तर आत्या म्हणाल्या, “ती थोरली आई. सुभेदारांची बायको. माझी आजी सांगायची, पलटण जाईल तिथे ती मागून गेली. दोन लेकरं छावणीत पुरून आली.”

“नाव काय तिचं?”

आत्या गप्प झाल्या. “थोरली आईच म्हणायचे सगळे.”

लोदच्या भावाने या वेळी काही कोरायचं सुचवलं नाही.

मृतांसाठीच्या कद्दिश प्रार्थनेला दहा पुरुष लागतात; आम्ही चार. म्हणून तहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचली, भावाने तिकडून साथ दिली, मध्ये मध्ये त्याचा आवाज तुटत होता. प्रत्येक कबरीवर एकेक खडा ठेवला, कोऱ्या दगडावर सहा. बाहेर पडताना हात धुवायचे असतात, आणि आमचं सगळं पाणी सुभेदारांवर संपलं होतं. पलीकडच्या वाडीतली बाई मघापासून कुंपणाशी उभी होती. ती आत गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि काही न विचारता एकेकाच्या हातावर पाणी घालत गेली.