तेरेखोलच्या काठचं बांदा

आपल्या भागातली माणसं गोव्याला निघाली की चोर्ला घाट धरतात, नाहीतर अनमोड. त्यामुळे बांदा वाटेत लागत नाही. मुंबईकडून येणाऱ्यांनाही ते दिसतं ते महामार्गावरचं गोव्याच्या अलीकडचं शेवटचं गाव एवढंच. मीही जन्मभर बेळगावात राहून तिथे दोनदाच गेलो होतो, तेही कुणाच्या तरी तेराव्याला. वास्तविक ते आमचं मूळ गाव. आजोबांचं तिथे किराणा आणि नारळाचं दुकान होतं. ते गेल्यावर वडील शिकायला घाटावर आले आणि बेळगावचेच झाले.

यंदा मे महिन्यात सांवेरहून आतेभाऊ आले आणि आईचं माहेर बघायचंच म्हणाले. सांवेर हे इंदूर-उज्जैन रस्त्यावरचं, उलट्या हनुमानाच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. माझी मधली आत्या १९५५ च्या उन्हाळ्यात तिथे दिलेली. दादांचं मराठी अस्सल इंदुरी, ‘मी बघून राहिलोय’ वळणाचं. सौ.चं माहेर बैलहोंगल, तिच्या मराठीला कानडी हेल. गाडीत मागच्या सीटवर ही दोघं बोलायला लागली की मराठीच्या प्राध्यापकाने निमूट पुढे बघावं हे उत्तम.

आंबोली उतरून दाणोलीवरून बांद्यात शिरलो. प्रथमदर्शनी गाव साधंच. बाजारपेठ, काजूगरांची दुकानं, पलीकडे नदी. पण विजापूरच्या आदिलशाहीत याच गावाचं नाव आदिलाबाद होतं. १५१६ च्या सुमाराला दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने किनारपट्टीची हकिगत लिहिली, तीत बांद्याचं नाव आहे: हिंदू-मुसलमान व्यापाऱ्यांचं मोठं गाव, इथून देशावर आणि मलबारकडे माल जातो, गलबतं येऊन तांदूळ, भरड धान्य, नारळ भरून नेतात. भरतीच्या पाण्यावर होड्या समुद्रापासून आतपर्यंत येत आणि घाटावरून रामघाटाने बैलांचे तांडे उतरत. म्हणजे आपल्या बेळगावच्या गूळ-धान्याची आणि खालच्या मीठ-खोबऱ्याची गाठ इथे पडायची. तो सौदा कोणत्या भाषेत व्हायचा, हे मला फार कुतूहल आहे. आमच्या घरात भाजीचा हिशोब अजून दोन भाषांत होतो, तसाच काहीतरी होत असणार.

त्या काळची खूण म्हणजे रेडे घुमट. घुमट बघून सौ. हसली आणि म्हणाली, “हा तर नम्म गोळगुम्मटाचा मोम्मग!” गोलघुमटाचा नातू. वयाचा हिशोब मी तपासला नाही, पण नातं मला पटलं. विजापूर आपल्याकडच्या मुलांना सहलीपुरतं ठाऊक असतं. त्याचा हात एके काळी या खाडीपर्यंत पोचला होता, हे त्या भिंतींपाशी उभं राहिल्यावर कळतं.

व्यापार कसा गेला याची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. इंग्रजांनी बेळगावहून वेंगुर्ल्याच्या बंदरासाठी आंबोलीचा रस्ता केला, तेव्हा रामघाट मागे पडला. पुढे १८८८ साली मुरगावची रेल्वे पुरी झाली आणि वेंगुर्ल्याचाही माल तिकडे वळला. बांद्याला उरली सरहद्द. ती तशी नवीच. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं, तोवर नदीचे दोन्ही काठ एकाच मुलखाचे होते.

दादा म्हणाले, “आमचं सांवेरही तसंच हो. आमच्याकडे होळकर, पुढे उज्जैनला शिंदे. १९४८ ला मध्य भारत झाला, आता विचारलं तर कोणी सांगू शकत नाही कुठे हद्द होती.” मग थोडं थांबून, “१ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मध्य प्रदेशात गेलो.” मी म्हटलं, त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. यावर गाडीत कोणी काही बोललं नाही. आपल्या वाचकांना ते समजावून सांगायला नको.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. आमची थोरली आत्या १९५१ मध्ये पेडणे महालातल्या नदीकाठच्या गावी दिलेली. माहेर अडीच-तीन कोसांवर, सणावाराला चालत यावं इतकं. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही बांद्यावरून पत्रादेवीकडे गेले. तिथे पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला, कर्नेलसिंग बेनिपाल हा पंजाबचा तरुण शिक्षक त्यात पडला. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली. ती करायलाच हवी होती, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. आजोबांनी स्वतः सत्याग्रह्यांना पोहे आणि गूळ दिला होता.

१९५७ च्या पावसाळ्यात आजोबा वारले. सांवेरला तार गेली. मधली आत्या इंदूर, खंडवा, भुसावळ, पुणे अशा गाड्या बदलत बेळगावला उतरली आणि मोटारीने आंबोलीखाली आली. दहाव्याला ती हजर होती. थोरलीला पाचव्या दिवशी कळलं, रात्री नदीने ये-जा करणाऱ्या एका होडीवाल्याकडून. येणं शक्य नव्हतं. तिने घराखालच्या नदीत अंघोळ केली आणि तिथून पुढे तीन दिवस सुतक धरलं. नदी तेरेखोलच, बांद्यावरूनच खाली गेलेली. ती माहेरी आली ती १९६२ च्या जानेवारीत, गोवा सुटल्यावर महिन्याने. तेव्हा दुकानाला दुसऱ्याची पाटी लागली होती. मधलीपाशी मात्र ती पुढे कित्येक वर्षं मोकळेपणाने बोलली नाही. लांबून येऊन ही भेटली, आणि आपण जवळ असून नाही. राग कोणावर धरायचा हे न कळल्याने तो बहिणीवर निघाला असेल.

दादांना हे ठाऊक नव्हतं. आई माहेराबद्दल कमी का बोलायची, ते आता कळून राहिलंय, एवढंच ते म्हणाले.

दुकानाच्या जागी आता काजूचं दुकान आहे. मालकाने भिंतीवरची रेघ दाखवली: “२०१९ साली पाणी हयपर्यंत इल्ला.” खांद्याच्या वर होती. २०२१ लाही पुराने बाजार धुऊन नेला. मी गर इथलेच का विचारलं, तर हसून म्हणाले की इथलेही आहेत, पण कोकणातल्या कारखान्यांना आता बाहेरची बी लागते, आयव्हरी कोस्ट आणि बेनिनची. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला. आफ्रिकेची बी बांद्याच्या बाजारात गर होऊन बसते आणि सांवेरचा पाहुणा ती दोन किलो घेतो. बार्बोझाला यात काही नवल वाटलं नसतं.

नदीवर गेलो. ओहोटी होती. कडेचा चिखल उघडा पडलेला, एक होडी कलंडून. दादा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. त्यांच्याकडची कान्ह इंदूरचं सांडपाणी घेऊन सांवेरवरून शिप्रेला मिळते. “स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

पत्रादेवीच्या स्मारकापाशी पाच मिनिटं थांबलो. तेवढ्यात फोन आला. थोरल्या आत्याचा मुलगा, पेडण्याहून. दोघे आतेभाऊ एकमेकांना आजच प्रथम भेटणार होते, एक साठी ओलांडलेला, दुसरा सत्तरी.

“खंय पावल्यात?” तो ओरडत होता. “जेवण निवता हांगा!”