राजूरचे पेढे

ऐन श्रावणात भंडारदऱ्याला जाऊ नये, तिथे पावसाखेरीज काही दिसत नाही, असे अनुभवी मंडळी सांगतात. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, चांगले १,६४६ मीटरचे. पण गेल्या श्रावणात आम्ही बारी गावावरून गेलो तेव्हा त्या जागी नुसती करडी भिंत उभी होती. एस.टी.तला शेजारी त्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती बघा कळसूबाई." आम्ही हात जोडले. न दिसणाऱ्या देवाला जोडतोच की!

आम्ही म्हणजे मी आणि आमचे पदवीधर. वय वर्षे बासष्ट. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हा माझ्याबरोबर बारावीच्या पुढे दोन पावले टाकून बसला होता. वडील गिरणीत. संप काही मिटेना. ह्याने पुस्तके मला दिली आणि एका कचेरीत शिपायाची नोकरी धरली. त्या वर्षी राजूरला दिलेली त्याची अक्का दर महिन्याला एस.टी.च्या टपावरून तांदळाचे पोते पाठवी. चाळीतल्या चार बिऱ्हाडांनी तो तांदूळ खाल्लेला आहे. त्यांतले एक आमचे.

निवृत्तीनंतर गृहस्थाने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातले. हे विद्यापीठ १९८९ साली निघाले ते अशाच, मध्येच उठून गेलेल्या लोकांसाठी. निकाल लागल्यावर मी म्हटले, "हॉटेलात जेवू." तो म्हणाला, "आधी राजूर."

कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लागली. सदतीस फुटांत एक फूट अशी ही थळ घाटाची चढण. १८६५ पासून गाड्या चढताहेत, पण अजून ढकलणारा लागतोच. इगतपुरीला उतरलो, घोटीवरून शेंडीला पोचलो. भाताच्या खाचरांत आवणी उरकत आली होती. इरली जाऊन डोक्यावर निळी-पिवळी प्लॅस्टिके आलेली. वाकलेल्या पाठी मात्र त्याच.

१९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आम्ही बघितले म्हणजे ऐकले. धुक्यात कुठे तरी पाणी गर्जत होते. पुढे रंध्याला प्रवरा कड्यावरून कोसळते, तिथे तर बोलणेच खुंटले. हे पाणी कालव्यांनी खाली जाते आणि संगमनेर-श्रीरामपूरकडे ऊस पिकवते. पाऊस अंगावर घेणारे वर भातच लावतात.

राजूरचे पेढे ह्या मुलखात नावाजलेले. अर्धा किलो घेतले, आणि ओलेचिंब असे अक्काच्या दारात उभे राहिलो. तिने आधी दोघांना टॉवेल दिले, मग चहा, मग विचारले, "कागद आणलास?"

तीन पिशव्यांतून कागद निघाले. अक्काची शाळा चौथीत सुटलेली. तिने पदराला हात पुसले, चष्मा चढवला आणि पदवीचा रंगीत कागद बाजूला सारून गुणपत्रिका उचलली. बोट ठेवून, अक्षर लावून वाचायला लागली. एका ओळीशी बोट थांबले.

"अरे, आईचं नाव घातलंय!"

"घालतात आता," तो म्हणाला.

अक्का बराच वेळ त्या एवढ्याशा छापील नावाकडे बघत होती. त्या माउलीचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठे छापले गेले असेल असे मला वाटत नाही. मग बोट खाली सरकले आणि आवाज बदलला. "मराठीत एवढेच? मराठी तर घरचं!"

पदवीधरांनी पेढा तोंडात टाकला. एवढे ओशाळे तोंड मी त्याचे परीक्षेच्या आदल्या रात्रीही पाहिले नव्हते.

कागद रात्री देवापाशी ठेवले. बारानंतर पावसाने जोर धरला आणि कौलांतून नेमके देवाच्याच कोपऱ्यात ठिबकू लागले. अक्का उठली, कागद फडताळात ठेवून आली. थोड्या वेळाने परत उठली. फडताळाच्या भिंतीला ओल असावी. मी डोळे मिटून पडलो होतो. शेजारी तोही जागा होता, श्वासावरून कळते.

सकाळची एस.टी. सातची. निघताना कागदांची शोधाशोध झाली. अक्का आत गेली आणि मोठ्या पत्र्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने बी. ए.ची पदवी बाहेर काढली. कोरडी खडखडीत, घडीत चार दाणे तांदूळ.